एकशे एकोणचाळीस तास

प्रिय डार्ला,

तुझ्या दारापासून माझ्या दुकानापर्यंत दोनशे पावलं आहेत. गुडघ्यामुळे आता माझी दोनशे वीस होतात. तरी पत्र लिहितोय, कारण तोंडाने बोलायला आलं की तू नळ सोडतेस. रविवारी जेवल्यावर मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तू उठून भांडी घासायला लागलीस. ती लोखंडी कढई तर तू दोनदा घासलीस. लिहिलेला कागद मात्र तू न वाचता टाकणार नाहीस, तो तुझा स्वभाव मला माहीत आहे. फक्त लाल पेन हातात घेऊ नकोस. माझं शुद्धलेखन आठवीत थांबलंय आणि त्याला आता साठ वर्षं झाली.

मुद्दा एकच आहे. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत तुझ्या केझीने हायस्कूल पूर्ण केल्याचा कागद कॉलेजात पोचला पाहिजे. खाली मुख्याध्यापकाची सही हवी. मुख्याध्यापक तू. पेन तुझ्या एप्रनच्या खिशात. आणि तू सही करत नाहीस. पोरीने घरच्या शाळेत बसून कॉलेजच्या पाच विषयांच्या परीक्षा दिल्या आणि पाचही पास झाली. म्हणजे कॉलेजचं जवळजवळ एक वर्ष तिने कॉलेजचा उंबरठा न ओलांडता संपवलं. कॉलेज म्हणतंय, गुण आले, जागा ठेवलीये, आता फक्त तिच्या शाळेने लिहून द्यावं की ही मुलगी आमच्याकडून पास होऊन बाहेर पडली. मग ते पाचही विषय तिच्या नावावर लावतो. कागद नाही आला तर जागा दुसऱ्याला, आणि तिने पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा. मी काल त्या ऑफिसातल्या बाईला फोन लावला. म्हटलं, दुसऱ्या कुणाची सही चालेल का? पाद्र्याची? शेरीफची? ती म्हणाली, "सर, फक्त शाळेची." म्हटलं, "बाई, ती शाळा म्हणजे माझ्या मुलीचं स्वयंपाकघर आहे." ती म्हणाली, "मग स्वयंपाकघराची." हसत नव्हती.

आणि तुझं कारण काय, तर तास. वर्षाला हजार तास शिकवल्याची वही ठेवायची, हा आपल्या राज्याचा नियम. ठीक आहे. बावीस वर्षं तू ती वही ठेवलीस. पाव भाजला की गणित अर्धा तास. कोंबड्या साफ केल्या की जीवशास्त्र पाऊण तास. तुझ्या आईला पुरलं त्या दिवशी तुझ्या पोराने, सायलसने, कबरीपाशी स्तोत्र म्हटलं, ते तू संध्याकाळी 'संगीत, दहा मिनिटं' म्हणून लिहिलंस. मी तुझ्या मागे उभा राहून पाहिलं. पण मला सांग, बावीस वर्षांत ती वही बघायला आलं कोण? एकदा जनगणनेवाला आला होता. तू त्याला सगळ्या वह्या काढून दाखवल्यास. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, घरात माणसं किती, एवढंच सांगा." बस. तेवढी एकच तपासणी.

या वर्षीच्या वहीत आठशे एकसष्ट तास आहेत. तीस जूनला वर्ष संपलं. एकशे एकोणचाळीस कमी. म्हणून तू रविवारी जेवताना म्हणालीस, "वर्ष पूर्ण झालं नाही. अजून एक वर्ष घरी." असं म्हणालीस, जसं काही मीठ संपलंय. पोरगी कॉलेजचं कॅल्क्युलस पास, पण हायस्कूल नापास. बाहेर कुणाला सांगितलं तर पोट धरून हसेल. मी हसलो नाही, कारण केझी माझ्या समोर बसली होती आणि तिने मक्याच्या पावाचा चुरा करून ताटलीभर पसरला होता. एक घास खाल्ला नाही. आणि ती तुला उलट बोलली नाही, हे बघितलंस का? सतरा वर्षांची पोर आणि उलट बोलत नाही. तू फार चांगलं वाढवलंस तिला. तेच मला झोंबतंय.

हे सगळं सुरू कसं झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं आज सांगतो. ऑक्टोबरात ती दुकानात आली. घरचं इंटरनेट गोगलगाईसारखं, दुकानात मात्र यंत्रदुरुस्तीचे सुटे भाग मागवायला मी चांगलं घेतलंय, म्हणून माझ्या नातीचा मुक्काम इथेच. म्हणाली, "पॅपॉ, कॉलेजच्या विषयाची परीक्षा आधीच देता येते. पास झालं की तो विषय कॉलेजात परत शिकायचा नाही." म्हटलं, "म्हणजे वर्गात न बसता?" "हो." "शिकवायला कुणी नसताना?" "पुस्तकं आहेत ना." "मग मी पण देतो एखादी." ती म्हणाली, "पॅपॉ, यंत्राच्या करवतीला साखळी लावायची परीक्षा नसते." कार्टी. तिला पूल बांधायला शिकायचंय, हे तू ऐकलंयस. का, ते कधी विचारलं नसशील. आपल्या ओढ्यावरचा तो बुटका पूल दर वसंतात पाण्याखाली जातो आणि आपण शहाण्यासारखे चार-चार दिवस घरात बसतो. ती सहा वर्षांची असताना आपण तिची वाढदिवसाची सहल त्या पुलापायी रद्द केली होती. तेव्हापासून ती त्याच्याकडे असं बघते, जसं मी धूर सोडणाऱ्या इंजिनाकडे बघतो.

तू म्हणालीस, "एक देऊन बघ. इतिहासाची." कारण इतिहास तू शिकवला होतास. खूश होतीस तेव्हा, नाही म्हणू नकोस. तिच्यासाठी ओळखपत्र बनवलंस. गाडीचं लायसन्स तिच्याकडे नव्हतंच. गाडी ती माझ्यापेक्षा बरी चालवते, पण लायसन्सच्या परीक्षेला तिला घेऊन जायला तुला गेल्या वर्षभरात एक सकाळ मोकळी मिळाली नाही. मी न्यायला निघालो तर म्हणालीस, "डॅडी, तुम्ही राहू द्या, मीच नेईन." असो. तर तू ते कार्ड केलंस. वर 'थ्री ओक्स अकॅडमी'. खाली तुझी सही, आणि ओकच्या पानाचं चित्र तू स्वतः काढलेलं. त्यावर प्लास्टिक चढवलंस. आपल्याकडच्या सगळ्या घरी शिकवणाऱ्या आया असली कार्डं करतात. पिझ्झावाला बघून एक तुकडा जास्त देतो, पुस्तकवाला दहा टक्के सोडतो. तुम्हाला ते इतकं सवयीचं झालंय, की परीक्षेच्या ठिकाणीसुद्धा ते चालेल असं तुला वाटलं. मलाही वाटलं.

नाही चाललं. हे तुला आम्ही सांगितलं नाही.

चाळीस मैल गाडी हाकून आम्ही पोचलो. काउंटरवर चष्म्याला साखळी लावलेली एक बाई. तिने कार्ड उलटसुलट केलं. "ही शाळा कुठे आहे?" केझी म्हणाली, "घरी." "मुख्याध्यापक कोण?" "आई." "हे कार्ड कुणी दिलं?" "आईने." "फोटो कुणी काढला?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि तुम्ही कोण?" मी म्हटलं, "छायाचित्रकार." मागे रांगेतली पोरं हसली. केझीचे कान लाल झाले, तुझे होतात तसे. बाई वाईट नव्हती. म्हणाली, "याने काम होणार नाही. हा फॉर्म घ्या. यावर फोटो लावा, शाळेच्या कुणीतरी नोटरीसमोर सही करा, आणि पाऊण तासात परत या. नाहीतर आजची वेळ गेली." मी म्हटलं, तिच्या आईला आणायला जाऊन-येऊन ऐंशी मैल होतात. ती म्हणाली, "शाळेच्या कुणीही. आईच पाहिजे असं नाही. शिक्षक चालेल."

मला हे कटकटीचे कागद आवडत नाहीत, तुला माहीत आहे. माणूस समोर उभा आहे, तोंड दिसतंय, मग अजून काय पाहिजे? पण केझी त्या खुर्चीत अशी बसली होती, की हात मांड्यांखाली आणि नजर दारावर. म्हणाली, "जाऊ दे पॅपॉ, आईला सांगू की मी नापास झाले. कार्ड नाकारलं असं नको सांगायला." ऐकलंस? सोळा वर्षांची होती तेव्हा. तुझं चित्र नाकारलं गेलं हे तुला कळू नये, म्हणून नापास व्हायला तयार.

तेव्हा मला तुझी वही आठवली. दर वर्षी पहिल्या पानावर तू शिक्षकांची नावं लिहितेस. एक ते नऊ, सगळीकडे तू. दहावं, 'यंत्रकाम: हर्शेल टॅकेट'. मी तुझ्या दोन्ही पोरांना, सायलसला आणि जोएलला, कार्बुरेटर खोलायला शिकवलं होतं, ते तू तासात धरलंस. तेव्हा मी तुला चिडवलं होतं, की आठवी पास माणसाला मास्तर केलंस, आता पगार दे. त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या बँकेत गेलो, तिथला नोटरी मला करवतीमुळे ओळखतो, आणि त्याच्यासमोर सही केली. नाव, हर्शेल टॅकेट. हुद्दा, शिक्षक. त्याने माझ्या नखांतलं काळं तेल बघितलं आणि विचारलं, "कुठल्या विषयाचे?" मी म्हटलं, "ज्याचे माझे पैसे तुझ्याकडे राहिलेत, त्याच." त्याने गुपचूप शिक्का मारला. आम्ही चार मिनिटं उरवून परत आलो. इतिहासात पोरगी पास झाली, दणक्यात. घरी येऊन तुला म्हणालो, सगळं सुरळीत झालं. तू विचारलंस, "कार्ड बघितलं त्यांनी?" केझी म्हणाली, "बघितलं. पान आवडलं त्यांना." आयुष्यात तुझ्याशी खोटं बोललेली ती एकच वेळ, निदान मला माहीत असलेली. तिला ओरडू नकोस.

थांब, गिऱ्हाईक आलंय.

आलो. हार्लनचं गवत कापायचं यंत्र. दर वर्षी जुनं पेट्रोल भरून हिवाळाभर ठेवतो आणि दर जुलैला मला विचारतो, हे का चालू होत नाही. काही माणसं शिकत नाहीत.

कुठे होतो? हां. जानेवारी. तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि तू सहा आठवडे पडून होतीस. तुझी वही त्या सहा आठवड्यांत कोरी आहे. का, तर तू लिहायला उठली नाहीस आणि दुसऱ्या कुणी त्या वहीला हात लावायचा नाही. पण पोरगी काय झोपली होती? सकाळी तुझी पेज झाली, औषध झालं, कोंबड्या झाल्या, की साडेआठला ती दुकानात. काउंटरच्या मागच्या स्टुलावर. शेगडी तिच्या पायाशी, आणि माझ्या टेबलावर स्पार्क प्लगच्या खोक्यांवर तिची पुस्तकं. माझ्याकडे अंडी उकडायचं ते घड्याळ आहे ना, तुझ्या आईचं, कोंबडीच्या आकाराचं? त्यावर मी तिला दीड-दीड तास लावून द्यायचो, कारण परीक्षा दीड तासाची. घड्याळ वाजलं की पेन्सिल खाली. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "हर्शेल, माझी करवत झाली का?" तर मी म्हणायचो, "शू, परीक्षा चालू आहे." लोक टोपी काढून दारात उभे राहायचे, डार्ला. माझ्या दुकानात! जिथे लोक चर्चपेक्षा जास्त शिव्या देतात, आणि चर्चमध्येही कमी देत नाहीत.

मी तिला प्रश्न विचारायचो, तिने लिहिलेल्या छोट्या कार्डांवरून. निम्मे शब्द मला वाचता यायचे नाहीत. मी अक्षरं सांगायचो, ती शब्द सांगायची आणि वर उत्तर. एक दिवस ती ते वाकड्या रेषेचं गणित करत होती. म्हणाली, "पॅपॉ, वाकड्या रेषेला एका ठिकाणी सरळ रेघ फक्त टेकते, ती किती तिरकी आहे ते काढायचं." मी म्हटलं, हे काढून कुणाचं पोट भरतं? ती उठली, करवतीचं पातं घेतलं, त्याच्या टोकावरून साखळी वळते ना, तिथे कानस टेकवली. "हे तुम्ही रोज काढता. कानस कितीवर धरायची, ते तुम्ही हाताने काढता. मी कागदावर काढते." मी तिथेच बसलो. साठ वर्षं जे माझ्या हाताला येत होतं, त्याला कुणीतरी आधीच नाव दिलं होतं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. राग आला मला. नक्की कुणाचा ते कळेना. त्या दिवशी हार्लनच्या साखळीला मी दोनदा धार लावली, उगाच.

मग मे महिना. कॅल्क्युलस, शेवटची. त्या वेळी तू बरी होतीस, तू पण आलीस. आपण दोघं बाहेर त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तू पर्समधून वही काढलीस आणि 'प्रवास, भूगोल, एक तास' लिहिलंस. आत पडद्यावर लगेच निकाल येतो. ती बाहेर आली तेव्हा चालत नव्हती, तरंगत होती. म्हणाली, "आई, पास झाले." तू म्हणालीस, "छान. चला, घरी शेंगा निवडायच्यात." मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. चष्म्याच्या साखळीवाली बाई उठून टाळ्या वाजवत होती, आणि तू पर्सची चेन लावत होतीस. ती लागत नव्हती. तू ओढत राहिलीस. शेवटी तुटली. गाडीत चाळीस मैल तू चेनचा तुटलेला तुकडा बोटांत फिरवत होतीस, आणि मागे बसलेली केझी हळूहळू खिडकीकडे वळत गेली. घरी पोचेपर्यंत ती नापास झाल्यासारखी दिसत होती.

तेव्हाच मला कळलं होतं. पण मी म्हटलं, जाऊ दे, होईल ठीक. कटकट नको. हा माझा जुना रोग.

आता तास-बिस सोड. जोएलच्या वेळी साठ तास कमी होते. तो नदीवर होता महिनाभर, तू 'मासे, जीवशास्त्र' लिहून भरलेस आणि वर त्याला पास झाल्याची चौकोनी टोपी घालून फोटो काढलास. सायलसच्या वेळी तर तू मेमध्येच सही केलीस, त्याला नौदलात जायची घाई होती म्हणून. दोघांच्या वेळी तुझा पेन अडला नाही, कारण मागे अजून कुणीतरी टेबलाशी होतं. या वेळी मागे कुणी नाही. केझीच्या कागदावर सही केलीस की ती शाळा बंद. ऑगस्टात सोमवारी सकाळी साडेआठला तू खडूने तारीख लिहिशील, आणि समोर चार रिकाम्या खुर्च्या. जावई डेल ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. मी हे बोलून दाखवलं असतं तर तू कढई तिसऱ्यांदा घासली असतीस.

पण मला बोलायचा हक्कही कितीसा आहे? तू अठराची होतीस. तुलाही कॉलेज हवं होतं, मास्तरीण व्हायला. तू दुकानात फीसाठी सरकारी मदतीचे ते जाड फॉर्म घेऊन आलीस. आईवडिलांनी भरायचे, आमची सगळी माहिती, खाली सही. मी दोन पानं बघितली आणि म्हटलं, "एवढ्या कटकटी कशाला? सरकारला माझ्या धंद्याशी काय करायचंय?" म्हटलं, बघू. ग्रीसच्या डब्याखाली ठेवले. तारीख होती त्यावर. तू दोनदा विचारलंस, तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. तारीख गेली. तू तीन वर्षं माझ्या काउंटरवर बसलीस, मग डेलशी लग्न केलंस. एका शब्दाने मला बोलली नाहीस. तूही उलट बोलणारी नव्हतीस. तुझ्या आईने तेवढं एकदा म्हटलं, "हर्शेल, एक सही होती." मी म्हटलं, "तिला कुठे एवढं मनापासून हवं होतं?" मग तुला मुलं झाली, आणि तू स्वयंपाकघरात फळा लावलास, घंटा आणलीस, शाळेला नाव दिलंस, पानाचं चित्र काढलंस. तेव्हा मला कळलं तुला किती हवं होतं ते. तरी मी तुला चिडवलं. पगार दे म्हणालो.

ऑक्टोबरात बँकेत नोटरीसमोर मी तो फॉर्म बोट लावून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. म्हाताऱ्याला नीट दिसत नसेल, असं त्याला वाटलं.

तर पाकिटात दोन गोष्टी आहेत. पहिली, माझ्या दुरुस्तीच्या पावत्यांची बुकं, रबर लावलेली. प्रत्येक पावतीच्या मागच्या बाजूला बघ. नऊ जानेवारी ते सतरा फेब्रुवारी, केझी किती वाजता बसली, किती वाजता उठली, काय वाचलं. का लिहून ठेवलं मला माहीत नाही. तुझ्याकडून सवय लागली असेल. मी तीनदा बेरीज केली, कारण माझ्या बेरजेवर तुझा विश्वास नाही. एकशे त्रेपन्न तास. तुला एकशे एकोणचाळीसच हवेत. तेलाचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात. खाली मी सही केलीये. शिक्षक म्हणून, वहीत नाव आहे माझं, पहिलं पान बघ. आता तुझा हिशेब पूर्ण झाला. केझीच्या कागदावर सही कर, तुझ्या दारातल्या टपालाच्या पेटीत ठेव आणि पेटीचं लाल निशाण वर कर. मी दुकानाच्या खिडकीतून बघतो. टपालाचा भरवसा नको, दिसलं की उठतो आणि स्वतः नेऊन देतो, अडीच तासांचा रस्ता आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे तुझाच प्रवेशाचा फॉर्म. दर जुलैला तू भरून घेतेस तोच, केझीने कोरा आणून दिला. कशाला हवाय हे तिला सांगितलं नाही. मला फॉर्म भरता येत नाहीत असं तुला वाटतं, पण हा मी पूर्ण भरला, एक रकाना सोडून. सोमवार ते गुरुवार, साडेआठ ते अकरा. त्यानंतर दुकान. कविता नको. गणित चालेल, ते वाकड्या रेषेचं अर्धं राहिलंय. पेन्सिल माझी मी आणीन, आणि टेबलावर तेलाचे डाग पडू देणार नाही. विद्यार्थ्याचं नाव, हर्शेल टॅकेट. वय, चौऱ्याहत्तर. इयत्ता, नववी. पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे, माझे कुणी उरले नाहीत. तिथे सही तूच कर. पण आधी केझीची. शुक्रवारी बाराच्या आत.

दोनशे पावलांवरून, निशाणाकडे बघत बसलेला,
तुझाच
डॅडी